मदरबोर्ड बदलला आणि जुनी हार्ड डिस्क दिसेना, आण्णांच्या पत्रिका अडकल्यात, मदत हवी

कोयनाकाठ (शनि, रात्री १०:४०)

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज गरज पडली म्हणून लिहितोय त्याबद्दल आधीच कान पकडतो.

आमच्या आण्णांचा कराडला डीटीपीचा धंदा, म्हणजे होता, गुडघ्यांनी दगा दिल्यापासून बंदच आहे पण ओळखीतलं कोणी दारात आलं की अजून पत्रिका करून देतात. त्यांचा पीसी २००९ चा. जी३१ बोर्ड, कोअर टू ड्युओ, ५०० जीबी साटा डिस्क, आधी एक्सपी होती मग मीच विंडोज ७ टाकून दिली होती. मागच्या महिन्यात चालू असतानाच फट करून बंद पडला, उघडला तर बोर्डावरचे तीनचार कपॅसिटर पुरीसारखे फुगलेले. दुकानदाराने एच६१० बोर्ड, आय३ १२१००, ८ जीबी रॅम, २५६ ची एनव्हीएमई (बोर्डावरच बसणारी वेगवान एसएसडी) आणि नवीन एसएमपीएस (पॉवर सप्लाय) असं सगळं बसवून दिलं, म्हणाला जुनी डिस्क तशीच लावतो, आहे तसं सगळं चालू होईल. लावली तर बूटच होईना. मग त्याने एनव्हीएमईवर विंडोज ११ टाकली आणि जुनी डिस्क दुसरी म्हणून जोडून दिली.

आता ती कधी बायोसमध्ये दिसते कधी नाही. विंडोजमध्ये दिसलीच तर "इनिशियलाइज डिस्क" अशी खिडकी येते, एमबीआर की जीपीटी (पार्टिशनचा तक्ता लिहायच्या दोन पद्धती) विचारते. दुकानदार म्हणतो बोर्डाबरोबर डिस्कपण गेली, नवीन घ्या. तिच्यात आण्णांच्या पंधरा वर्षांच्या पत्रिका, स्मरणिका, आणि आमच्या धाकटीच्या लग्नाचे फोटो आहेत (दुसरी कॉपी नाही, माहितीये, बोलू नका). त्या खिडकीत ओके करू का?

सोल्डरगन (शनि, रात्री १०:५२)

नाही. कॅन्सल. आत्ताच्या आत्ता. बाकी नंतर लिहितो, जेवतोय.

चहाबाज (शनि, रात्री ११:०५)

फॉरमॅट मारून बघा, माझी तशीच चालू झाली होती.

ब्लूस्क्रीन (शनि, रात्री ११:०९)

चहाबाज, अहो त्यांना डिस्क नकोय, तिच्यातलं हवंय. दात दुखतोय म्हणून मुंडकं कापायला सांगताय.

सोल्डरगन (शनि, रात्री ११:३८)

जेवण झालं. इनिशियलाइज म्हणजे डिस्कच्या सुरुवातीलाच पार्टिशनचा कोरा तक्ता लिहिणं. डेटा लगेच पुसला जात नाही पण कुठून कुठपर्यंत काय होतं याची नोंद जाते, मग उगाच टेस्टडिस्क वगैरे (हरवलेली पार्टिशन शोधणारी सॉफ्टवेअर) लावून शोधत बसावं लागतं. ती खिडकी येते याचा अर्थ विंडोजला पहिला सेक्टर नीट वाचता आला नाही, एवढाच. का आला नाही याची कारणं दहा असतात आणि त्यातली निम्मी डिस्कच्या बाहेरची असतात.

मला हे सांगा: डिस्कवर कान ठेवून आवाज कसा येतो, नेहमीसारखी घरघर की टकटक टकटक? साटाची डाटा केबल जुनी की नवीन? पॉवर एसएमपीएसच्या स्वतःच्या साटा पिनेतून दिलीये का मधे ४ पिनी कन्व्हर्टर आहे? आणि तो एसएमपीएस मॉड्युलर आहे का, म्हणजे केबली काढता घालता येतात असा?

हार्डवेअरवाली (शनि, रात्री ११:५५)

शेवटच्या प्रश्नाला +१००. मॉड्युलर एसएमपीएसच्या केबलची डिस्ककडची बाजू सगळीकडे सारखी असते पण एसएमपीएसकडच्या बाजूला कुठल्या पिनेत ५ व्होल्ट आणि कुठल्या पिनेत १२ हे कुठल्याच नियमात नाही, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येसुद्धा वेगळं असतं. केबलचा प्लग मात्र बसतो बरोब्बर. मी जुन्या एसएमपीएसची केबल नव्यात वापरली होती, "नीट बसतेय की" म्हणून, आणि दोन डिस्क एका मिनिटात वारल्या. वास अजून नाकात आहे.

कोयनाकाठ (रवि, सकाळी ९:१५)

धन्यवाद सगळ्यांना. कॅन्सल केलं.

आवाज नेहमीसारखा आहे, टकटक नाही, मधेच एखादवेळी घरघर थांबते आणि परत चालू होते. डाटा केबल जुनीच, लाल, तिला ती लोखंडी क्लिप नाहीये आणि बोर्डाजवळ काटकोनात दुमडलीय. एसएमपीएस साधा आहे, मॉड्युलर नाही. पण पॉवरला ४ पिनी कन्व्हर्टर लावलाय कारण एसएमपीएसची साटा पिन डिस्कपर्यंत पोचत नव्हती म्हणे.

आणि एक कुतूहल म्हणून विचारतो, मुळात बूट का झाली नाही? जुन्या काळी आम्ही बोर्ड बदलून तीच डिस्क लावायचो आणि ड्रायव्हर टाकले की चालायचं.

जुना_खिळा (रवि, सकाळी १०:२०)

हा माझा आवडता विषय, त्यामुळे लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

तुमची विंडोज ७ ज्या बोर्डावर टाकली त्या जी३१ बरोबर आयसीएच७ हा साउथब्रिज (डिस्क, यूएसबी सांभाळणारी चिप) यायचा. साध्या आयसीएच७ मध्ये एएचसीआय (साटा डिस्कशी बोलायची नवी पद्धत) नाहीच, त्यामुळे विंडोज आयडीई मोडमध्ये, म्हणजे जुन्या पद्धतीत, टाकली गेली. नवीन बोर्डावर आयडीई मोड शिल्लकच नाही. विंडोज ७ आयडीईत टाकलेली असेल तर एएचसीआयचा ड्रायव्हर बूटच्या वेळी बंद ठेवते, मग चालू होताना तिला स्वतःचीच डिस्क सापडत नाही आणि निळ्या स्क्रीनवर ७बी एरर येतो. हे आधी रजिस्ट्रीत एमएसएएचसीआयची स्टार्ट व्हॅल्यू शून्य करून टाळता यायचं, पण जुना बोर्ड जिवंत असताना. मेल्यावर नाही.

तुमच्याकडे तर गोष्ट तिथपर्यंतसुद्धा गेली नाही. तुमची डिस्क एमबीआरची, म्हणजे जुन्या बायोस पद्धतीने बूट होणारी. नवीन बोर्ड यूईएफआयचे, म्हणजे बायोसच्या जागी आलेल्या नव्या पद्धतीचे. मधल्या काळात बोर्डांमध्ये सीएसएम नावाचा दुभाषी असायचा, तो चालू केला की जुन्या डिस्क बूट व्हायच्या. इंटेलच्या ५०० सिरीजपासून प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर तो चालत नाही, वेगळं ग्राफिक्स कार्ड लावलं तर काही बोर्डांवर पर्याय उघडतो. म्हणून बूटच्या यादीत तुमची डिस्क येतच नाही. ती मेली म्हणून नव्हे, तिची भाषा समजणारा माणूस घरात उरला नाही म्हणून.

आणि समजा काहीतरी जुगाड करून झालीच बूट, तरी विंडोज ७ मध्ये यूएसबी ३ चे ड्रायव्हर नाहीत, आणि २०१५ च्या स्कायलेकपासून इंटेलच्या बोर्डांवर सगळे यूएसबी पोर्ट त्याच कंट्रोलरवर आहेत. मग समोर लॉगिनचा स्क्रीन, आणि माउस कीबोर्ड दोन्ही मुके. हे मी स्वतः भोगलंय. थोडक्यात बूटचा नाद सोडा, तिच्यातल्या फायली काढायच्या एवढंच बघा.

मृगजळ (रवि, सकाळी १०:४१)

एमबीआर डिस्क जीपीटी करणारी एमबीआर२जीपीटी म्हणून कमांड आहे ना विंडोजमध्येच? ती मारली की झालं.

जुना_खिळा (रवि, सकाळी १०:५०)

ती विंडोज १० आणि पुढच्यासाठी आहे, ७ साठी नाही. शिवाय ती डिस्कवर लिहिते. ज्या डिस्कची तब्येत माहीत नाही तिच्यावर एक अक्षरसुद्धा लिहायचं नाही.

सोल्डरगन (रवि, सकाळी ११:०२)

कोयनाकाठ, मला ७० टक्के ती लाल केबल वाटतेय. बंद करा, मागचं बटण पण बंद, मग नवीन क्लिपवाली डाटा केबल लावा (शंभर रुपयांच्या आत येते) आणि ते कन्व्हर्टर फेकून द्या. त्या साच्यात ओतलेल्या प्लॅस्टिकच्या स्वस्त कन्व्हर्टरमध्ये आतल्या तारा एकमेकींना चिकटून जळतात, डिस्कसकट. डिस्क दुसऱ्या खणात सरकवा, एसएमपीएसची पिन पोचेल. खणात बसत नसेल तर बाहेर पुठ्ठ्यावर ठेवा, लोखंडावर नको, सर्किटची बाजू टेकू देऊ नका.

मग विंडोजमध्ये क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) टाका आणि आकडे इथे लिहा. फायली उघडायला जाऊ नका.

शेंगदाणा (रवि, दुपारी १:३०)

अवांतर: आमच्याकडे याच्या उलट झालं होतं, बोर्ड बदलला, एम.२ ची एसएसडी घातली आणि जुन्या दोनपैकी एक डिस्क गायब. दोन दिवस केबली बदलल्या, मग मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरात सापडलं की एम.२ च्या त्या खाचेत साटावाली एसएसडी घातली की साटाचा एक पोर्ट आपोआप बंद होतो. डिस्क शेजारच्या पोर्टात लावली, चालू. मॅन्युअल वाचायचं वय आलं राव.

कोयनाकाठ (रवि, संध्याकाळी ७:२५)

मंडळी!!! दिसली!!! केबल बदलली, कन्व्हर्टर काढलं, आणि ती खिडकी आलीच नाही, थेट दोन पार्टिशन दिसायला लागले, एफ आणि जी. आण्णा मागे उभे होते, म्हणाले "मी सांगत होतो तो दुकानदार शहाणा नाय."

पण आनंद अर्धाच. जी उघडतंय, त्यात "पत्रिका २०१४" वगैरे फोल्डर दिसतायत. एफ म्हणजे जुनं सी, त्यात यूजर्समध्ये आण्णांच्या फोल्डरवर क्लिक केलं की "परवानगी नाही, कंटिन्यू करा" असं येतं. कंटिन्यू केलं तर हिरवी पट्टी सरकतच राहिली, २० मिनिटांनी मशीन अडकलं, बटण दाबून बंद केलं. (सोल्डरगन, ओरडू नका, तुम्ही सांगितलं होतं उघडू नका, पण राहवलं नाही.)

क्रिस्टलडिस्कइन्फो पिवळं, "कॉशन". ०५ समोर शून्य, सी५ समोर ३८, सी६ समोर पण ३८, सी७ समोर २ए१. बाकी ०१ समोर एवढा मोठा आकडा आहे की घाबरलो.

सोल्डरगन (रवि, संध्याकाळी ७:४०)

ओरडतोच. बंद करा मशीन.

हार्डवेअरवाली (रवि, संध्याकाळी ८:१०)

ते ओरडून झालं की मी समजावते :)

ते आकडे हेक्समध्ये, म्हणजे १६ च्या हिशोबात, आहेत, क्रिस्टलडिस्कइन्फो मुळात तसेच दाखवतं. ०१ चा मोठा आकडा सोडून द्या, काही कंपन्या त्यात दोन हिशोब एकत्र कोंबतात. सी७ म्हणजे केबलवरून जाताना बिघडलेल्या डेटाच्या पुड्यांची मोजणी, २ए१ म्हणजे आपले ६७३. हे पाप त्या लाल केबलचं, हा आकडा कधी कमी होत नाही, फक्त इथून पुढे वाढतोय का बघायचं. खरी काळजी सी५. ३८ म्हणजे ५६. एवढे सेक्टर डिस्कला वाचता येत नाहीयेत आणि ती त्यांचा निकाल लावायची वाट बघतेय. ५६ म्हणजे फार नाही, पण ते कुठल्या फायलीखाली आहेत ते आपल्याला माहीत नाही.

कंटिन्यू दाबलं की एक्सप्लोरर नुसतं दार उघडत नाही, आतल्या प्रत्येक फायलीच्या परवानग्यांमध्ये तुमचं नवीन खातं लिहायला जातो. जुन्या विंडोजमधलं आण्णांचं खातं आणि आत्ताचं खातं, नाव तेच असलं तरी विंडोजच्या लेखी दोन वेगळी माणसं, आतला ओळख क्रमांक वेगळा. म्हणजे ज्या डिस्कवर काही लिहायचं नाही तिच्यावर हजारो ठिकाणी लिहिणं चालू झालं, त्यात एखादा वाईट सेक्टर लागला आणि अडकलं. चेकडिस्क तर अजिबात चालवू नका, ते दुरुस्तीच्या नावाखाली तुटकी नोंद कापून टाकतं.

आता एकच काम. डिस्कची जशीच्या तशी प्रत काढायची आणि मग जे काय प्रयोग करायचे ते प्रतीवर.

आटपाटनगरी (रवि, रात्री ९:००)

यूएसबी डॉकमध्ये टाकून कॉपी पेस्ट केलं तर?

जुना_खिळा (रवि, रात्री ९:३५)

कॉपी पेस्ट एका वाईट फायलीवर दहा दहा मिनिटं डोकं आपटतं आणि डिस्कला दमवतं. जीएनयू डीडीरेस्क्यू वापरा. ते आधी सरळ वाचता येतं तेवढं सगळं उचलतं, अडलं की तिथे खूण करून पुढे उडी, आणि खाचखळग्यांकडे शेवटी परत येतं. मॅपफाइल (कुठवर वाचलं याची नोंद) दिली की मधे लाइट गेली तरी जिथे थांबलं तिथून पुढे चालू होतं. आपल्याकडे हे शेवटचं फार महत्त्वाचं.

सामान: १ टीबीची बाहेरची डिस्क (एक्सफॅट किंवा एनटीएफएस, फॅट३२ नको, त्यात ४ जीबीच्यावर फाइल मावत नाही), आणि लिनक्स मिंटचा लाइव्ह पेनड्राइव्ह. मिंट इन्स्टॉल करायचं नाही, नुसतं पेनड्राइव्हवरून चालवायचं. पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू, पुढे एक जी आहे, कमांडमध्ये मात्र तो जी नाही, यात निम्मी जनता अडकते.

टर्मिनलमध्ये आधी एलएसबीएलके (डिस्कची यादी दाखवणारी कमांड) मारून साइज बघून कुठली डिस्क कुठली ते कागदावर लिहा. तुमच्याकडे ५०० ची जुनी, १ टीबीची नवी, २५६ ची एनव्हीएमई आणि पेनड्राइव्ह, चारही साइज वेगळ्या आहेत हे नशीब. कमांडमध्ये आधी कुठून, मग कुठे, मग मॅपफाइल. उलट लिहिलंत तर काय होईल ते मी लिहीत नाही, आण्णा वाचत असतील. पहिली फेरी हायफन एन लावून, म्हणजे अडलेल्या जागा खरवडत बसायचं नाही. दुसरी हायफन डी आणि हायफन आर३ लावून, म्हणजे राहिलेल्या जागांवर तीन तीन वेळा प्रयत्न. कुठेही विचारलं तरी जुनी डिस्क माउंट करायची (म्हणजे उघडायची) नाही.

मृगजळ (रवि, रात्री ९:५०)

वाखु (वाचनखूण) साठवली. खिळेकाका तुम्ही क्लास काढा.

ब्लूस्क्रीन (सोम, सकाळी ८:२०)

रच्याकने (रस्त्याच्या कडेने, म्हणजे जाता जाता), विंडोज १०/११ वरून बोर्ड बदलणाऱ्यांसाठी एक वेगळाच खड्डा आहे. माझ्या भाच्याच्या लॅपटॉपचा बोर्ड वॉरंटीत बदलून मिळाला, घरी आणून चालू केला तर ४८ आकडी रिकव्हरी की मागायला लागला. डिस्क एन्क्रिप्ट आहे हेच त्याला माहीत नव्हतं, मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं तेव्हा आपोआप झालं होतं आणि कुलुपाची किल्ली जुन्या बोर्डाच्या टीपीएममध्ये (किल्ल्या जपणारी चिप). नशिबाने की त्याच खात्यात ऑनलाइन सेव्ह होती. बोर्ड बदलायच्या आधी बिटलॉकर (विंडोजचं हेच एन्क्रिप्शन) थोड्या वेळापुरतं सस्पेंड करायचं असतं, हे देणाऱ्याने सांगितलं नाही आणि घेणाऱ्याने विचारलं नाही. आण्णांच्या विंडोज ७ मध्ये ही भानगड नाही.

कोयनाकाठ (मंगळ, रात्री ११:१०)

उशीर झाला, बाहेरची डिस्क आणायला आणि मग लाइटला.

पहिली फेरी अडीच तास लागली. सुरुवातीला ९० च्या आसपास एमबी स्पीड होता, शेवटी शेवटी निम्म्यावर आला, मला वाटलं मेली, पण गूगलवर वाचलं की डिस्कच्या आतल्या वर्तुळांवर स्पीड कमीच असतो. डिस्क पुठ्ठ्यावर आणि वर टेबलफॅन, आण्णा मधूनमधून येऊन हात लावून ताप बघत होते, पोराचं कपाळ बघावं तसं. पहिल्या फेरीनंतर थोडं राहिलं, दुसऱ्या फेरीत त्यातलं बरंच वाचलं, आता फक्त ४६०८ बाइट राहिलेत.

हार्डवेअरवाली (मंगळ, रात्री ११:२२)

४६०८ म्हणजे ९ सेक्टर, ५१२ चा एक. ५०० जीबीतले नऊ. पेढे कुठे पाठवताय?

आता जुनी डिस्क काढून कपाटात ठेवा. मिंटमध्ये "डिस्क्स" नावाचं ॲप आहे, त्यात अटॅच डिस्क इमेज करून ती फाइल निवडा, ते आपोआप रीड-ओन्लीच जोडतं. दोन्ही पार्टिशन दिसतील, आणि लिनक्स विंडोजच्या त्या परवानग्या विचारत बसत नाही, आण्णांचं फोल्डर सरळ उघडेल. तिथून हवं ते दुसरीकडे कॉपी.

कोयनाकाठ (बुध, रात्री ८:४५)

उघडलं. सगळं. लग्नाचे फोटो १४०० च्या वर आहेत, सगळे चाळले, एकाच फोटोत खालची पट्टी करडी आलीय, नेमका आमच्या आत्याबाईंचा, त्यांना सांगितलेलं नाही.

पण आता वेगळाच प्रश्न. आण्णांच्या पत्रिका काही पेजमेकरमध्ये, काही कोरलमध्ये (दोन्ही डीटीपीची सॉफ्टवेअर). कोरलची एक उघडून बघितली तर "चि. सौ. कां." च्या जागी इंग्रजी अक्षरांचा, कंसांचा आणि टक्क्यांचा नुसता चिवडा. फाइल खराब झाली का?

जुना_खिळा (बुध, रात्री ९:१५)

नाही हो, ठणठणीत आहे. तुम्हाला काळ आठवत नसेल. युनिकोडच्या आधीचे श्रीलिपी वगैरे फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या घरात मराठी चित्रं बसवलेली. फाइलमध्ये नुसते घर नंबर, चित्र फॉन्टमध्ये. फॉन्ट नसला की घर नंबर दिसतात. इमेजमधल्या विंडोज फोल्डरमधलं फॉन्ट्स फोल्डर अख्खं उचला, त्यातले आण्णांचे फॉन्ट नव्या मशीनवर टाका, चिवड्याची पत्रिका होईल.

पेजमेकरचं मात्र अवघड. ७ ही शेवटची आवृत्ती २००१ ची. इनडिझाइन सीएस६ पर्यंत त्या फायली उघडायचं, पुढच्या सीसीमध्ये ते काढून टाकलं. सरळ उपाय म्हणजे व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकातच दुसरा संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) एक्सपी टाकून त्यात आण्णांची जुनी सीडी. टायपिंगच्या सॉफ्टवेअरला पाठीमागे लावायचं कुलूप (डोंगल, ते लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही) होतं का, पॅरलल पोर्टात?

कोयनाकाठ (बुध, रात्री ९:३०)

होतं! आण्णांनी लगेच ड्रॉवरमधून काढून दाखवलं, रुमालात गुंडाळलेलं. नव्या बोर्डाला तसलं भोकच नाही. यूएसबीला जोडायची केबल मिळते म्हणे?

सोल्डरगन (बुध, रात्री ९:४१)

ती प्रिंटरपुरती असते, कुलपाला चालत नाही, पैसे घालवू नका. जुन्या फायली बघायला आणि छापायला फॉन्ट पुरे, कुलूप फक्त नवीन टाइप करायला लागेल. नवीन टाइप युनिकोडमध्ये करा म्हणावं आण्णांना.

कोयनाकाठ (शुक्र, संध्याकाळी ६:०५)

फॉन्ट टाकले. पहिली उघडली ती २०११ ची, गणपती वर डाव्या कोपऱ्यात, खाली "आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं". आण्णा चष्मा लावून पाच मिनिटं बघत बसले आणि म्हणाले "यात वेलांटी चुकलीये, तेव्हा कुणी सांगितलं नाही." मी म्हटलं दुरुस्त करायची का, तर म्हणाले छापून झाली, पोरं शाळेत जात असतील आता.

युनिकोडचं नाव काढलं की विषय बदलतायत. प्रत दोन ठिकाणी केली, एक बहिणीकडे साताऱ्याला पाठवली. लाल केबल चिमट्याने कापली.

आटपाटनगरी (शनि, सकाळी ७:५०)

अभिनंदन! माझ्याकडे ८० जीबीची आयडीई डिस्क आहे, ती रुंद पट्टीवाली, माळ्यावर. यूएसबी कन्व्हर्टरला लावली तर फिरते पण दिसत नाही. इथेच विचारू का?

सोल्डरगन (शनि, सकाळी ८:०२)

मागच्या जंपरचा फोटो टाका, स्लेव्हवर असणार, मास्टरवर करा. आणि काही विचारलं तर आधी कॅन्सल.